पत्रं ठाण्यात, उत्तरं बीरशेबात : आमच्या बेने इस्राएली घरातली ट्रंक

नारळदूध

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसतंच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आई मागच्या पावसाळ्यात गेली. दिवाळीनंतर ठाण्याचं घर आवरायला घेतलं तेव्हा तिच्या पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर काढली. लहानपणी आम्हा भावंडांना ती उघडायची परवानगी नव्हती आणि मोठेपणी कुणी विचारलंच नाही. ट्रंक मूळची आजीची, म्हणजे आईच्या आईची. वरती एक विरलेलं नऊवारी, त्याखाली चांदीचा छोटा पेला, ज्यात शुक्रवारी रात्री काळ्या मनुकांचं शरबत ओतून आजोबा किद्दुश, म्हणजे शनिवार सुरू होतानाची प्रार्थना, म्हणायचे (आमच्यात वाइनच्या जागी मनुकांचं शरबतच चालत आलंय), मग पेसाहची (आमच्या वल्हांडण सणाची) हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, एका बाजूला हिब्रू एका बाजूला मराठी, पहिली चारपाच पानं गेलेली. एक मोडीतला कागद. पोस्टाच्या पावत्या एका सुईदोऱ्यात ओवलेल्या. एक लांब पत्र्याची नळी, वर आजीच्या अक्षरात चिठ्ठी, 'आईच्या लग्नाचा कागद', आणि नळी रिकामी.

आणि सगळ्यात तळाशी लुगड्याच्या काठाने बांधलेली पत्रं. निळी हवाईपत्रं. मोजली, त्रेसष्ट आहेत. सगळी आजीच्या धाकट्या बहिणीची, इस्राएलमधल्या बीरशेबाहून आलेली, १९५४ ते १९८१. मराठीतच आहेत अर्थात, आमची भाषा दुसरी कुठली असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात बायका सात पुरुष वाचले त्यांची आम्ही लेकरं, अशी आमच्यातली परंपरा. गावात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावावरून, केहिमकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, नवगावकर, अष्टमकर. आमचं सांगत नाही, का ते पुढे कळेल. १९४८ नंतर आमच्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, काही राहिले. आजी राहिली, बहीण गेली.

मला विचारायचंय ते तीन गोष्टी. मोडी कुणाला वाचता येतं का? पत्रं टिकवायची कशी, काहींच्या घड्या फाटायला आल्यात. आणि त्रेसष्ट पत्रांपैकी पंचवीस-तीसवर साल नाहीये, नुसती तारीख, ती कशी लावायची?

आगरकोट

ताई, धागा वाचून एकदम रेवदंड्याला गेलो. आमच्या आळीच्या टोकाला तुमच्या समाजाची दोन घरं होती. त्यांच्या प्रार्थनास्थळाला गावात सगळे मशीदच म्हणायचे, ते स्वतःही मशीदच म्हणायचे, मला कॉलेजात गेल्यावर कळलं की सिनेगॉग शब्द आहे. रेवदंड्याचं १८४२ चं आहे बहुतेक, अलिबागचं १८४८. शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही. माझी आजी शनिवारी संध्याकाळी तारे दिसले की निखारे घेऊन जायची त्यांच्याकडे, आणि त्यांच्याकडून मलिदा यायचा, पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी सफरचंदाच्या फोडी. आम्ही मुलं दारातच वाट बघत बसायचो.

त्यांच्यातलं एक कुटुंब गेलं तेव्हा घराची किल्ली माझ्या आजोबांकडे ठेवून गेलं, नारळाच्या वाडीवर लक्ष ठेवायला. ती किल्ली अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. घर पडलं, वाडी विकली गेली, किल्ली आहे. कुणाला द्यायची ते आजोबांनी सांगितलं नव्हतं आणि त्यांना विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

टपालखुणा

नारळदूध, साल लावायला मी मदत करू शकेन, पस्तीस वर्षं तिकिटं जमवतोय.

पहिलं म्हणजे हवाईपत्रावर तिकीट छापलेलंच असतं आणि त्यावर शिक्का असतो, इस्राएलच्या शिक्क्यावर तारीख आपल्यासारखीच आकड्यांत असते, भिंग घेऊन उजेड तिरका पाडून बघा. जिथे जास्तीचं तिकीट चिकटवलंय तिथे ते घरातल्या मुलांनी कापून नेलेलं असण्याची शक्यता दाट आहे, प्रत्येक घरात एक असा असतो, मीही होतो. तिकिटाबरोबर तारीख जाते. मागच्या बाजूला आपल्या पोस्टाचा पोचल्याचा शिक्का कधीकधी सापडतो, तो बघायचं विसरू नका.

दुसरं, त्या पावत्या. त्यांच्यावर 'न. पै.' असं लिहिलंय का बघा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १ जून १९६४ पासून 'नवे' गेलं, नुसतं पैसे राहिलं. सवयीने लोक पुढेही लिहायचे पण साधारण अंदाज येतो. आणे लिहिले असतील तर त्याआधीची.

कागदकाकी

आधी हात लावू नका!! म्हणजे गाठोडं सोडायच्या आधी आहे तसा फोटो काढा. कुठलं पत्र कशाच्या खाली होतं हे एकदा विस्कटलं की गेलं, आणि आजीने ज्या क्रमाने ठेवलंय त्याला काहीतरी अर्थ असतो. मी एका संग्रहालयात कागदाच्या कामात होते, निवृत्त झाले.

मग एकेक पत्र, मागच्या कोपऱ्यात हलक्या हाताने शिसपेन्सिलने नंबर, पेनाने नाही. फाटलेल्या घडीला सेलोटेप अजिबात लावू नका, दहा वर्षांत पिवळी पडते आणि शाई सोबत घेऊन जाते. लॅमिनेशन तर विसराच, त्यातून कागद परत निघत नाही. हवाईपत्राचा कागद पातळ असतो, घडी उलगडून स्वच्छ काचेखाली दोन दिवस सपाट होऊ द्या. ठेवायला आम्लरहित कागदाची पाकिटं मिळतात, नाहीच मिळाली तर धुवून धुवून मऊ झालेलं पांढरं मलमल. डांबरगोळ्या नकोत. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघणं हाच खरा उपाय, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. पत्र्याच्या ट्रंकेला आतून घाम येतो, ती आठवण म्हणून ठेवा, पत्रं दुसरीकडे हलवा.

स्कॅन रंगीतच करा, सहाशे डीपीआयवर, दोन्ही बाजू, आणि चिकटवायची जी पट्टी असते तीसुद्धा. जागा संपली की बायका त्या पट्टीवर लिहायच्या आणि खरी गोष्ट तिथेच असायची.

नारळदूध

काकी, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आत मी गाठोडं सोडलं होतं, चुटपुट लागून राहिली. पण नंबर घातले पेन्सिलने. आणि पट्टीचं अगदी खरं निघालं. पहिल्याच पत्राच्या पट्टीवर आहे, 'बाळ राहिलं नाही. आईला सांगू नको.' हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

एक विचारायचं राहिलं, हगादाची सुटी पानं आणि एक तेफिला (प्रार्थनेचं पुस्तक) पार पीठ झालंय, त्याचं काय करू? देवाचं नाव असलेला कागद आम्ही टाकत नाही, कबरस्तानात पुरतो. पण पुरायचा जीव होत नाहीये.

कागदकाकी

ते तुमच्या समाजातल्या जाणत्या माणसाला विचारा, त्यात मी बोलू नये. पुरायच्या आधी स्कॅन करता आलं तर बघा इतकंच. तुमच्या हगादात चित्रं आहेत का? १८४६ ला मुंबईत शिळाप्रेसवर मराठी हगादा छापली गेली होती आणि १८७४ ला पुण्यात एक सचित्र निघाली, त्यात बायका आपल्यासारख्या लुगडं नेसून पेसाहची भाकरी लाटताना दाखवल्यात. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा किती वेळ बघत बसले होते.

नारळदूध

चित्रं नाहीत. खूप नंतरची असणार मग. पण प्रत्येक पानावर हळदीचे डाग आहेत.

मोडीवाचक

मोडीचा कागद इथे टाका, दोन्ही बाजू. नावं झाकायची असतील तर झाका, पण मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा कारण नावांवरूनच अक्षराचं वळण कळतं.

पिंपळपार

माफ करा, विषय सोडून नाही पण मनात आलं ते लिहिते. आजीच्या बहिणीने 'आईला सांगू नको' असं लिहिलेलं वाक्य तुम्ही आम्हा हजार अनोळखी लोकांना सांगितलंत. तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण पत्र एका माणसाने एका माणसाला लिहिलेलं असतं. माझ्या आईची माझ्या वडलांना लिहिलेली पत्रं मी वाचली आणि नंतर वाटलं वाचायला नको होती.

नारळदूध

पिंपळपार, तुमचं म्हणणं लागलं, आणि बरोबर आहे म्हणूनच लागलं. रात्रभर विचार केला. ते बाळ राहिलं नाही हे सत्तर वर्षांत कुणाला माहीत नव्हतं, त्याच्यासाठी एकदाही कुणी मेणबत्ती लावली नाही. मी लावली त्या शुक्रवारी. तेवढ्यासाठी मला ते वाचल्याचं वाईट वाटत नाही. पण यापुढे नावं, आडनाव, लग्नं मोडल्याच्या गोष्टी इथे येणार नाहीत, आडनाव म्हणूनच सांगितलं नव्हतं. जे येईल ते तिकडच्या बहिणीला विचारून.

हो, तिकडची बहीण. हे सांगायचंच राहिलं. मावशीआजीची नात बीरशेबात असते, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. आम्ही लग्नाबिग्नाच्या फोटोंना लाइक करण्यापलीकडे कधी बोललो नव्हतो. ट्रंकेचा फोटो टाकला तर तिचा लगेच मेसेज, आमच्याकडे पण आहे एक डबा. बिस्किटांचा डबा, त्यात आजीची पत्रं, म्हणजे माझ्या आजीने पाठवलेली!! तिला मराठी वाचता येत नाही, बोलता पण चार शब्द, 'बस', 'खा', 'काय झालं' आणि 'आई गं'. तिने अख्ख्या डब्याचे फोटो काढून पाठवले, काही उलटे, काहींत तिचं बोट.

तर आता असं चाललंय की रात्री जेवणं झाली की मी एक इथलं पत्र आणि त्याला तिथून सापडलेलं उत्तर शोधते, दोन्ही मोठ्याने वाचून व्हॉइस मेसेज पाठवते, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत अर्थ सांगते. तिची आई, म्हणजे माझ्या आईची मावसबहीण, ऐंशीच्या पुढची, ती ऐकते. काल मी वाचलं 'खोबणी भिंतीला टांगली आहे'. तिकडून म्हातारीचा आवाज, 'खोबणी नाय गं, खवणी! खवणी!' साठ वर्षं हिब्रू बोलून सुद्धा. खवणी त्यांच्याकडे अजून आहे.

तिच्या परवानगीने ते पत्र देते, १९५५ चं:

'ताईस सप्रेम शालोम. पार्सल पोचायला तीन महिने लागले पण पोह्यांना काही झालं नाही, एक दाणा ओलसर नाही. एलियाहू हन्नवीचा मलिदा केला. नारळ इथं दिसत नाही म्हणून तू पाठवलेलं सुकं खोबरं किसून घातलं, शेजारची बगदादची बाई विचारू लागली हे काय, तिला वाटीभर दिला. खवणी भिंतीला टांगली आहे, उपयोग नाही पण बघून बरं वाटतं. वाळू फार. भांडी घासायला वेगळी राख लागत नाही इतकी वाळू. वाल पाठवता आले तर पाठव, बिरड्याचा सण कोरडा जातो.'

कोळंबी_भात

एलियाहू हन्नवी म्हणजे?

दिमोनाकर

सर्वांना शालोम आणि नमस्कार. मी इस्राएलमध्ये दिमोनाला राहतो, वय ७० च्या पुढे, मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका होतील. माझा जन्म मुंबईचा, भायखळा. ८ वर्षांचा होतो तेव्हा आलो.

एलियाहू हन्नवी म्हणजे एलिया संदेष्टा. आमचा विश्वास असा की तो कोकणात येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची आणि घोड्याची खूण आहे, अजून लोक इथून विमानाने जाऊन नवस फेडतात. काही चांगलं झालं की मलिदा, नोकरी लागली, मुलगा फौजेतून सुखरूप आला, नवीन घर घेतलं. इथे दिमोनात, अश्दोदला, रामलेला, लोदला मलिदा अजून होतो आणि आता नारळ मिळतो!

ताईंच्या पत्रात बिरड्याचा सण (तिशा बेआव, मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस) असं सणाचं जुनं नाव आहे त्याचा आनंद झाला. माझी आई पण असंच म्हणायची. वर्षाचा पहिला सण नव्याचा, मग खिरीचा, आणि योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) दरफालनीचा सण, म्हणजे दारं बंद करून उपास करायचा, पांढरे कपडे, परक्याशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दान करायचं, गाठीभेटी घ्यायच्या. माझ्या मुलांना हे शब्द माहीत नाहीत, त्यांना हिब्रू नावं माहीत आहेत. आमच्या इथे मराठीत 'मायबोली' नावाचं मासिक निघायचं, मी जपून ठेवलं आहे.

ताई, १९६२ ते ६४ ची पत्रं तुमच्याकडे आहेत का? मला त्याबद्दल विचारायचं आहे. तुम्हाला सांगायचं नसेल तर हरकत नाही.

नारळदूध

दिमोनाकर काका, आहेत. मी ती मुद्दाम बाजूला ठेवली होती कारण वाचवत नव्हती. हे एक, १९६३ च्या सुरुवातीचं (शिक्का दिसतोय, टपालखुणा, तुमची तिरक्या उजेडाची युक्ती!). मावशीआजीच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, म्हणजे खवणी म्हणून ओरडणाऱ्या मावशीचंच:

'लग्न नोंदवायला गेलो तर विचारतात मुलीच्या आईची आई कोण, तिची आई कोण, त्यांची लग्नं कुणी लावली, साक्षीदार कोण. बाकी कुणाला विचारत नाहीत, आपल्यालाच. हे घरी येऊन जेवले नाहीत. शेमा (आमची मुख्य प्रार्थना) म्हणत म्हणत आपले लोक कोकणात किती शेकडो वर्षं राहिले, कुणी त्रास दिला नाही, कुणी विचारलं नाही तुम्ही कोण, आणि इथं येऊन विचारतात. ताई, आईच्या लग्नाचा कागद तुझ्याकडे आहे तो पाठव. नक्कल चालत नाही म्हणतात.'

आता तुम्हीच सांगा काका, मला यातलं अर्धंच माहीत आहे.

दिमोनाकर

वाचलं. थोडा वेळ लागला उत्तर द्यायला.

तेव्हा मुख्य रब्बी (यहुदी धर्मगुरू) होते यित्झाक निस्सिम. १९६२ मध्ये त्यांनी लग्न लावणाऱ्यांना लेखी सूचना दिल्या की बेने इस्राएल माणूस आला तर त्याची आई, आजी, जितकं मागे जाता येईल तितकं मागे तपासा, मधे कुणी बाहेरचं नाही ना, रीतीप्रमाणे घटस्फोट झाले होते ना. आमच्या आयांना हा अपमान सहन झाला नाही. त्याच्याही आधी १९५१-५२ ला आमच्यातल्या काही लोकांनी धरणं धरलं होतं, काम आणि वागणूक यावरून, आणि शंभरावर माणसं १९५२ ला परत भारतात गेली, त्यातले बरेच पुढे पुन्हा इथे आले.

१९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरलं, बीरशेबाहून, दिमोनाहून, अश्दोदहून कुटुंबं आली, बायका मुलांना घेऊन उन्हात बसल्या. मी १० वर्षांचा होतो, मी बसलो होतो. माझ्या आईने घरून भाकऱ्या करून आणल्या होत्या आणि लसणीची चटणी. ऑगस्टमध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदी आहेत, लेवी एश्कोल पंतप्रधान होते, आणि मग सूचनांमधून आमचं नाव काढलं. काम झालं. पण आईच्या मनातून ते कधी गेलं नाही.

तुमच्या मावशीआजीला कागद मिळाला का?

आगरकोट

काका, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. आमच्या शेजारच्यांची पत्रं १९६४ च्या सुमारास यायची थांबली असं आजोबा म्हणायचे, आम्हाला वाटलं विसरले.

कराचीची_नात

धागा दोनदा वाचला. आमच्या आजोबांचे वडील कराचीत रेल्वेत होते, तुमच्या समाजाचं एक कुटुंब शेजारी. मराठी बोलणारी दोनच घरं चाळीत, त्यामुळे फार घरोबा. कराचीत बेने इस्राएलांचं मोठं प्रार्थनामंदिर होतं मागेन शालोम, १८९३ चं, १९८८ ला पाडलं. फाळणीनंतर दोन्ही घरं मुंबईला आली. माझ्याकडे त्यांनी पणजीला दिलेला एक लग्नातला फोटो आहे, नवरीच्या हातात हिरवा चुडा, मेंदी, गळ्यात मंगळसूत्र, मागे हिब्रू अक्षरांचा पडदा. लहानपणी मला वाटायचं तो पडदा उर्दू आहे.

टपालखुणा

नारळदूध, पावत्या बघितल्या का? १९६३ ची असेल तर न. पै. असणार.

मोडीवाचक

कागद वाचला, ताईंनी व्यनित परवानगी दिली म्हणून इथे लिहितोय, नावं गाळून.

शके १७९४ म्हणजे इ. स. १८७२. कुलाबा जिल्हा, तालुका अलिबाग. दोन सख्ख्या भावांची वाटणी आहे, नारळाची वाडी आणि एक घाणा. झाडं मोजून लिहिलीयत, एकाला ४१ दुसऱ्याला ३९ आणि दोन झाडं विहिरीजवळची सामायिक. घाणा मोठ्याकडे, त्याने धाकट्याला दर महिन्याला तेल द्यायचं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे राहाटाची पाळी. वाडीला पाणी द्यायला विहिरीवर एकच राहाट, तर रविवार सोमवार मंगळवार एकाचे, बुधवार गुरुवार शुक्रवार दुसऱ्याचे, आणि पुढे स्वच्छ लिहिलंय, 'शनवार वजा, राहाट कोणी धरू नये'. मी शेकड्याने वाटणीपत्रं वाचलीत, हे कलम कधी बघितलं नव्हतं.

नावांबद्दल. ताईंना वाटत होतं हा कागद दुसऱ्याच घराचा कारण यातली नावं त्यांच्या वंशावळीत नाहीत. तसं नाहीये. तेव्हा मराठी कागदावर मराठी वळणाची नावं असायची आणि प्रार्थनेत हिब्रू. मुंबईत १७९६ ला पहिलं प्रार्थनामंदिर, जुनी मशीद, बांधणारे दिवेकर मराठीत सामाजी हसाजी आणि इंग्रजीत सॅम्युएल इझीकिएल. म्हणजे आबाजी दिसला की अब्राहाम शोधायचा, मुसाजी दिसला की मोशे. तुमच्या मोठ्या भावाचं नाव असंच उलगडून वंशावळीत बरोबर बसतं, बापाच्या नावासकट.

नारळदूध

मोडीवाचक, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी शनिवारी मामाच्या घरी जाऊन ते कलम सगळ्यांना वाचून दाखवलं, मामा ८४ वर्षांचा आहे, त्याने तीन वेळा वाचायला लावलं. विहीर कुठली ते त्याला माहीत आहे!! लहानपणी तो तिथे पोहायला शिकला.

आता कागदाचं. पावती सापडली, टपालखुणा. मार्च १९६३, रजिस्टर, बीरशेबाचा पत्ता, रक्कम न. पै. मध्येच आहे. मी तिकडे कळवलं की असा असा कागद तुमच्याकडे आला होता, शोधा. बहीण म्हणाली घरात असं काही नाही. मावशी काही बोलली नाही. आठवड्याने मावशीने स्वतः व्हिडिओ कॉल केला, कपाटातून एक उशीचा अभ्रा काढला, त्यात प्लास्टिकची पिशवी, त्यात तो. घडीच्या खुणांवर झिजलेला, पण रंग अजून आहेत, वरती दोन मोर, कडेने वेलबुट्टी, मधे हिब्रू अक्षरं. हिब्रू पंचांगातला अदार महिना, साल ५६६९. त्यातून ३७६० वजा केले की १९०९, महिना फेब्रुवारी-मार्चचा असतो म्हणून. माझ्या पणजीचं लग्न.

सोबत आजीचं पत्र होतं, तेही त्या अभ्र्यातच, बिस्किटांच्या डब्यात नव्हतं ते यामुळे:

'चि. बाई हीस अनेक आशीर्वाद. कागद पाठवते आहे. नळी पाकिटात मावेना म्हणून घडी घातली, हात धजत नव्हता, ह्यांनी घातली. आईने हा चाळीस वर्षं सरळ ठेवला. त्यांना दाखव आणि सांग की आमच्या आईचं लग्न अलिबागला मशिदीत लागलं, दोनशे पान जेवलं. मुलगी आपल्या घरी सुखी राहो. मी येऊ शकत नाही हे मनाला लागून आहे. हिरवा चुडा इकडून पाठवते आहे, फुटला तर लगेच कळव.'

कागदाच्या मागे पेन्सिलने, आजीच्याच अक्षरात, 'काम झालं की परत पाठव.'

मावशी म्हणाली, लग्न झालं, मग मुलं झाली, मग लढाई, आणि मग आई म्हणाली राहू दे इथेच, ताई मागेल तेव्हा देऊ. आजीने कधी मागितला नाही. पुढच्या एकाही पत्रात उल्लेख नाही, मी सगळी तपासली. आता मावशी विचारतेय पाठवू का परत. चुड्याचं विचारलं तर म्हणाली एक पण नव्हती फुटली.

पिंपळपार

काय करणार मग?

कागदकाकी

काहीही ठरवा पण पुन्हा घडी घालू देऊ नका!! लागली तर जाड नळी मी देईन, आमच्याकडे होत्या त्यातल्या दोन घरी आहेत.

नारळदूध

काकी, नळी आहे की. चिठ्ठीसकट.

मावशीला पत्र लिहिलं, हाताने, मराठीत, मोठ्या अक्षरात म्हणजे तिला चष्म्याने वाचता येईल. निळं हवाईपत्र शोधलं, आमच्या पोस्टात नव्हतं, साध्या पाकिटातून गेलं. काय लिहिलं ते इथे नाही टाकत, पिंपळपार समजून घेतील.

टपालखुणा

छान केलंत. पाकिटावर शिक्का नीट उमटवून घेतलात ना? आणि पावती?

नारळदूध

शिक्का माझ्यासमोर मारला. पावती ओवली दोऱ्यात, १९७८ च्या पावतीनंतर.

आगरकोट

ताई, एक विचारू का. तुमच्या मावशींना किंवा दिमोनाकर काकांना विचाराल, रेवदंड्याहून आमच्या आळीतून गेलेलं ते कुटुंब कुठे आहे आता? आडनाव व्यनि करतो. किल्ली द्यायची आहे.